‘पर्यंत’चा रकाना

प्रिंटरनं माझा कागद अर्धा गिळला आणि तो तिथंच अडकला. त्या सकाळच्या अपमानांत एवढाच काय तो बाकी होता.

मी झाकण उघडलं, आपटलं, पुन्हा उघडलं. कागदावर आमच्या विभागाचा नवाकोरा अहवाल होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी, त्याच्याकडे काम किती काळ पडून राहतं ते दाखवणारी. बाकी बहुतेकांच्या पट्ट्या हिरव्या आणि बोटभर. माझी लाल, आणि एवढी लांब की कागदाच्या कडेला जाऊन टेकलेली.

“थांबा, ओढू नका... फाटेल,” मागून कोणीतरी म्हणालं.

“फाटू दे. फाडायलाच काढलाय.”

तो वाकला, बाजूची एक खिट्टी दाबली आणि कागद अलगद बाहेर काढला. उंच, चष्मेवाला, कानामागे हिरवा मार्कर खोचलेला. याआधी कधी दिसला नव्हता. अनोळखी माणसासमोर तोंड आवरावं एवढी समज मला आहे, पण त्या दिवशी ती घरीच राहिली होती.

“ही बघा, ही लाल पट्टी माझी,” मी कागदावर बोट आपटत म्हणाले. “इतकी वर्षं मान मोडून काम करतेय इथं. आणि कोणा दीडशहाण्यानं डेटा वेअरहाऊस की गोदाम काय ते बांधलं आणि त्यातून हे काढलं. शुक्रवारी मॅडम नव्या आवृत्तीची प्रमुख कोण ते ठरवणार आहेत. समोर काय ठेवून? हा कागद. तो गोदामवाला एकदा भेटू दे मला—”

“काय कराल?”

“विचारीन, अक्कल कुठं गहाण ठेवली होती म्हणून.”

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“गहाण नाही ठेवली,” तो म्हणाला. “होती तेवढी सगळी या कागदात घातली.”

खरं तर तिथंच शरमेनं मरायला हवं होतं. पण मी चिडलेली असले की शरम वाटायला मला वेळ लागतो. तोवर माझ्या तोंडून पुढचं वाक्य गेलंही होतं.

“मग दाखवा. कुठं घातली ते.”

त्याची जागा खिडकीपाशी होती. मागे पांढरा फळा, आणि शाईचा तो उग्र वास, जो मला इतर वेळी आवडतो. त्यानं फळ्यावर मधे एक मोठा चौकोन काढला, भोवती तीन लहान काढले आणि रेघांनी जोडले. माणसाचं अक्षर सुंदर होतं. याचाही मला रागच आला.

“माहिती तीन ठिकाणांहून येते,” तो सांगू लागला. “कामं लावतो तो बोर्ड, लिहिलेला कोड, आणि टेस्टिंग. तिघांची तोंडं तीन दिशांना. रोज पहाटे सगळं इथं आणून एका भाषेत करायचं. मधल्या टेबलात काय घडलं ते. भोवतीच्या छोट्या टेबलांत कोण, कोणतं प्रॉडक्ट, कोणती तारीख. अहवाल यातूनच निघतात.”

“मधल्या टेबलातली एक ओळ म्हणजे काय?”

तो वळला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिला. हा प्रश्न त्याला तोवर कोणी विचारलाच नव्हता, हे मला पुढं कळलं.

“एक ओळ म्हणजे एक काम,” तो म्हणाला. “आणि त्यापुढे, ते ज्याच्याकडे आहे त्याचं नाव.”

“आहे? की होतं?”

मार्करचं टोपण लावता लावता त्याचा हात थांबला.

“आमच्यात एक शिट्टीवाला होता,” मी म्हणाले. “दिवसभर शिट्टी वाजवत काम करायचा म्हणून शिट्टीवाला. तो नोकरी सोडून गेला. त्याची अर्धवट कामं माझ्या नावावर टाकली, मी ती भराभर उरकली. तुमच्या गोदामात काय झालं? त्याचं नाव पुसलं, माझं लागलं. आणि त्याच्याकडे ती पडून होती तो सगळा काळ माझ्या डोक्यावर. घरात जो ताटावरून शेवटी उठला, त्यानंच म्हणे सगळी भांडी खरकटी केली.”

“बोर्डवर नाव बदललं की इथंही बदलतं,” तो हळूच म्हणाला, मला कमी आणि फळ्याला जास्त. “जुनं राहत नाही... मी जुनं पुसतो.”

“का पुसता?”

“जागा वाचते.”

“तुमची जागा वाचते आणि माझी जाते.”

त्याला हसू आलं होतं. ओठांपर्यंत आलेलं ते त्यानं परत पाठवलं, कान मात्र लाल झाले. मी तडक निघाले आणि दारापाशी पोचल्यावर उगाच मागे वळून पाहिलं. तो फळ्यासमोर तसाच उभा होता आणि मधला चौकोन अंगठ्यानं पुसत होता.

घरी आईसमोर सगळं ओकून टाकलं. ती मटार सोलत होती, मान वर न करता ऐकत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चपला काढतेय तोच तिनं विचारलं, “मग? गोदामवाल्यानं आज काय केलं?”

“आई, मी तक्रार करतेय. गप्पा नाही मारत.”

“कर की तक्रार. मी कुठं अडवतेय? फक्त कालपासून मॅडमचं नाव नाही की त्या शिट्टीवाल्याचं नाही. मार्कर कानामागे होता, तो हिरवा होता, अक्षर चांगलं आहे... एवढी तपशीलवार तक्रार तू कधी केली नव्हतीस, म्हणून विचारलं.”

मी मटाराची शेंग उचलून तिला फेकून मारली. तिनं ती झेलली आणि सोलली.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. हातात दोन कप चहा. एक माझ्यापुढे ठेवला आणि परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा उभा राहिला.

“झालं तुमचं काम. तुमची पट्टी आता हिरवी.”

घोट घेतला. बिनसाखरेचा होता. मी बिनसाखरेचा पिते हे याला कोणी सांगितलं, असा विचार मनात आला आणि एक क्षण बरं वाटलं. मग मी विचारलं, “हिरवी कशी झाली?”

“अहवालात एक अट घातली. दुसऱ्याकडून आलेली कामं मोजायची नाहीत.”

“सगळ्यांची?”

“...तुमची.”

मी कप खाली ठेवला. जरा जोरातच, कारण शेजारच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या.

“म्हणजे मेहरबानी करतोयस तू माझ्यावर? टेस्टिंगमधल्या ताईंच्या नावावर तिघांची कामं येऊन पडली आहेत. त्यांच्यासाठी घातलीस अट? का नाही घातलीस? त्या तुला प्रिंटरपाशी भेटल्या नाहीत म्हणून?”

“उद्या मीटिंग आहे. सगळी रचना बदलायला वेळ—”

“मग वेळ नाही म्हणून सांग. जमत नाही म्हणून सांग. पण मला गप्प बसवायला वरून रंग फासू नकोस. मला हिरवी पट्टी नकोय, खरी हवीय. लाल निघाली तर लाल. पण माझी असू दे.”

त्यानं मान हलवली, स्वतःचा भरलेला कप उचलला आणि निघून गेला. मी संतापले होते. अशा माणसाचा चहा आपल्याला आवडावा, याचा संताप त्यात मिसळलेला होता.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत सगळे बसले तरी त्याची खुर्ची रिकामी. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, अहवाल पडद्यावर लावायला सांगितला. माझी लाल पट्टी भिंतभर पसरली. कोणीतरी खोकलं. मी हाताची नखं बघत बसले आणि मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

“हा अहवाल बंद करा, मॅडम,” तो म्हणाला. “तो मागे घ्यावा लागेल. गोदामाची रचना चुकली आहे. चूक माझी आहे.”

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. “तुमची नोकरी अजून पक्की झालेली नाही. लक्षात आहे ना?”

“आहे.”

त्यानं लॅपटॉप जोडला.

“आधी एक ओळ म्हणजे एक काम होतं,” तो सगळ्यांना सांगू लागला. “काम हातातून हातात गेलं की मी जुनं नाव पुसत होतो. आता पुसायचं नाही. काम ज्याच्या हातात जाईल त्याची नवी ओळ. आणि प्रत्येक ओळीला दोन रकाने, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. ज्याच्याकडे ते आजही आहे, त्याचं ‘पर्यंत’ रिकामं. बोर्ड हा सगळा इतिहास ठेवतच होता. मीच उचलत नव्हतो.”

पडद्यावर पट्ट्या सरकल्या. माझी आखडत आखडत बोटभर झाली. ताईंची तर निम्म्याहून कमी. शिट्टीवाल्याचीसुद्धा आखूड निघाली. बिचारा कामं दाबून बसलाच नव्हता, त्यानं ती मंजुरीसाठी पुढं पाठवली होती. आणि सगळ्यांच्या वर एक नवी पट्टी उगवली, लालभडक, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’.

आमच्याकडे मंजुरी देणारी व्यक्ती एकच. सगळ्यांच्या नजरा मॅडमकडे वळल्या.

शेवटी मीच बोलले. “खाली तो लाल तुकडा दिसतोय, लॉग-इनच्या पानाचा... तो माझा आहे. खराच. कंटाळा येत होता म्हणून टाळत होते.”

मॅडम कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. “हा लाल रंग जरा भडक आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण असू दे. बदलू नका. तुम्हालाही आता कुठं जायची गरज नाही.” हे त्याला. मग माझ्याकडे वळून, “नव्या आवृत्तीच्या प्रमुख तुम्ही. आणि माझ्या मंजुऱ्यांची मला रोज आठवण करायची, तेही तुम्हीच.”

ताईंनी टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला. मी मात्र त्याच्याकडे बघत होते, आणि तो वायर गुंडाळत होता. ती केव्हाच गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळतच होता.

दुपारी तो प्रिंटरपाशी सापडला. काही छापत नव्हता, नुसताच उभा होता.

“तुम्हाला नोकरी घालवायची हौस आहे का?” मी विचारलं. आभार मानायचे होते खरे तर.

“तुम्हाला? काल तर ‘तू’ म्हणत होतीस.”

“रागात म्हणाले ते.”

“रागात का होईना... म्हणालीस ना. आणि जुनी ओळ पुसायची नाही हा हट्ट तुझाच.” त्यानं चष्मा काढला, पुसला, पण परत घालायचं विसरला. चष्म्यावाचून त्याचे डोळे अगदीच निराधार दिसत होते. “तुझ्या ‘तू’ची ओळ मी ठेवली आहे. आणि खरं सांगू? तू पहिल्या दिवशी विचारलंस ना, एक ओळ म्हणजे काय... त्यानंतर माझं कशातच लक्ष नाही. ती हिरवी पट्टी त्यातूनच झाली. तू खूश व्हावीस म्हणून. मूर्खपणा होता.”

“होताच.”

“हो.”

“मग माझ्याही ओळी ऐकून घे,” मी म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो उगाच खाली खाली जात होता. “पहिली ओळ, दीडशहाणा. या प्रिंटरपासून त्या चहापर्यंत. दुसरी, महामूर्ख. चहापासून आज सकाळपर्यंत.”

“आणि तिसरी?”

“तिसरी तू दारातून आत आलास, तेव्हापासून.”

“काय आहे तिच्यात?”

त्याच्या कानामागचा मार्कर घसरायला आला होता. मी हात वर नेला आणि तो नीट खोचून दिला. त्याचा कान चांगलाच तापलेला होता. माझे तर दोन्ही.

“आवडतोस,” मी म्हणाले. “एवढंच आहे.”

त्यानं तो मार्कर चाचपून पाहिला. मग अगदी कामाच्या सुरात त्यानं विचारलं, “आणि... ‘पर्यंत’?”

“रिकामं ठेव,” मी म्हणाले. “आणि जागा वाचवायला म्हणून तिथं मला न विचारता काही भरलंस, तर बघ.”