आडनावाच्या जागी एक-दोन-तीन

दादानं टेबलावर तीन चिठ्ठ्या ठेवल्या आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

ढापण्यानं चष्मा सावरून पहिली मोठ्यानं वाचली. ‘पडद्यावर खालच्या जातीच्याला वरलंस. पडद्यावर मरतेस, तशीच घरीही मरशील.’ बाकीच्या दोन्हींत तोच मजकूर. कागद मात्र गुळगुळीत, नुकती इस्त्री फिरवल्यासारखे.

“माझी धाकटी बहीण सिनेमात काम करते,” दादा म्हणाला. “नायिकेची मैत्रीण. चिठ्ठ्या तिच्या कपड्यांच्या खिशात निघतात. घरी आम्ही दोघंच. पोर रात्र रात्र झोपत नाही हो.”

“संशय कुणावर?” मास्तरांनी विचारलं. शाळेतली नोकरी सोडून मास्तर गुप्तहेर झाले, पण नजर अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायची.

“ते शोधा तुम्ही सावकाश. आधी एवढं कळवा, की घाबरली की ती धावते कुणाकडे. नाव, आडनाव, पत्ता. त्याच्याही जिवाला धोका असेल ना!”

“तुम्ही आत जाता?”

“छे! तिला सोडतो, हातात पिशवी देतो आणि फाटकाबाहेर बसतो. मला नाही बघवत. पळून जाऊन लग्न करते आणि मरते, एवढं करार करताना कळलं होतं. घरी त्या सिनेमाचा विषयही काढू नकोस, असं बजावलंय तिला.”

मास्तर नुसते “हं” म्हणाले. त्यांचं “हं” ऐकलं की ढापण्या वही उघडायचा. ढापण्या म्हणजे त्यांचा मदतनीस. अंगानं हत्ती, पण झुरळ दिसलं की खुर्चीवर.

स्टुडिओत दृश्य चालू होतं. मैत्रीण प्रियकराला घेऊन बापापुढे उभी होती. चेहऱ्यावर रंग होता, तरी खालचा पांढरेपणा लपत नव्हता.

“आडनाव काय रे तुझं?” पडद्यावरचा बाप गरजला.

प्रियकरानं छाती पुढे काढली. “एक-दोन-तीन!”

ढापण्या फस्सकन हसला. बाकी कुणीच हसलं नाही.

“निर्माते घाबरलेत,” दिग्दर्शक कपाळ पुसत म्हणाला. “कुठलंही आडनाव घाला, कुणीतरी दगड घेऊन येणार. म्हणून ओठ हलवून घेतो, आडनाव डबिंगला भरू. जात घालायची, धर्म घालायचा की नुसताच गरीब ठेवायचा, ते मलाही ठाऊक नाही. सगळ्या युनिटला ही कटकट पाठ झालीय.”

“आणि ती मरते कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“नायिकेचं लग्न सुखानं लागायचं तर कुणीतरी मरायला नको? आमच्या धंद्यात ते काम मैत्रिणीकडे असतं.”

“चिठ्ठ्यांनी सिनेमाचा बोभाटा होईल. तुमचा फायदाच.”

“मास्तर, ती कॅमेऱ्यासमोर थरथरते. एका शॉटला दिवस जातो माझा! कसला फायदा?”

कपडेवाल्या मावशींनी तर कमरेची किल्लीच आपटली. “माझ्याकडे बोट दाखवायचं काम नाही! कुलपात नायिकेचे चौदा जोड आहेत. मैत्रिणीला कोण शिवतंय? घरचेच कपडे घालते बापडी. रोज इस्त्री करून आणते, तेवढं मात्र खरं.”

राहिला आवाज टिपणारा. कानांवर सदा यंत्र, म्हणून सगळे त्याला कानवाला म्हणत. त्याचं नाव ऐकलं तेव्हाच ढापण्याला कळलं, याचा धर्म वेगळा.

“मला काही माहीत नाही,” कानवाला म्हणाला, आणि कपाळावर घाम डवरला.

दुपारी ढापण्यानं आवाजाच्या खोलीच्या दारातून पाहिलं. मैत्रिणीनं कानवाल्याचा हात घट्ट धरला होता.

“मला मारलं तर पळून जा हं तू.”

“गप्प बस. कुठे जाणारे मी?”

ढापण्यानं इमानदारीत सगळं लिहून काढलं. मास्तरांनी कागद पाहून नाक मुरडलं.

“अक्षर आहे की कोंबडीचे पाय? मीच लिहितो.” त्यांनी नवा कागद लिहिला, पाकीट चिकटवलं. “दादाला तूच नेऊन दे. आणि ऐक, आईला दोन दिवस ताईकडे सोड.”

“का हो?”

“लेकीची आठवण येत नसेल त्यांना? उद्या सकाळी आठला स्टुडिओत ये.”

मास्तरांनाही माया आहे, या विचारानं ढापण्याला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरासमोर दोन माणसं उभी होती. वर खिडकीकडे बघत होती. एकाच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. त्यानं ढापण्यालाच वेळ विचारली. ढापण्यानं सांगितली, वर हसलाही.

स्टुडिओत मरणाच्या दृश्याची तयारी झाली होती. पांढऱ्या चादरीखाली मैत्रीण पडली होती, आणि चादर थरथरत होती.

मास्तरांनी दिवे लावायला सांगितलं. दादाला आत बोलावलं. दरवाजा लावून घेतला.

“चिठ्ठ्या लिहिणारा इथेच आहे.”

मैत्रीण उठून बसली.

“पहिली गोष्ट. चिठ्ठीत लिहिलंय, ‘खालच्या जातीचा’. पण या सिनेमात प्रियकराला जातच नाही! आडनावाच्या जागी एक-दोन-तीन आहे, आणि हे इथल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं ना पटकथेची पानं वाचली, ना शूटिंग पाहिलं. रिकामी जागा त्यानं स्वतःच्या मनातल्या भीतीनं भरली.”

ढापण्याला आता कुठे थोडं थोडं उमगायला लागलं.

“दुसरी. बाहेरचा माणूस खिशापर्यंत पोचला कसा? मैत्रिणीचे कपडे कुलपात नसतातच, घरून येतात. कागदावर इस्त्री फिरली होती, म्हणजे चिठ्ठी घरीच खिशात गेली. घरात माणसं दोन. तिसरी गोष्ट. बहिणीच्या जिवावर उठलेला कोण, हे या भावाला घाईनं नको होतं. त्याला हवा होता तिचा प्रियकर. तिला घाबरवायचं, कुणाच्या कुशीत शिरते ते माझ्याकडून शोधून घ्यायचं. काय दादा?”

मैत्रिणीनं अंगावरची चादर बाजूला सारली. “दादा... तू?”

दादा हसला.

“गल्लीत कुजबुज होती, तुझं कुणा हलक्या जातीच्याशी जुळलंय. मास्तर, हुशार आहात. पण उशीर झाला. पत्ता चुलतभावांकडे कालच दिलाय. एव्हाना काम उरकलं असेल.”

मैत्रिणीनं किंकाळी फोडली. “नाही!”

आवाजाच्या खोलीचं दार उघडलं. कानवाला धावत आला आणि तिनं त्याला मिठीच मारली.

दादा बघतच राहिला. “हा? हा तर... मग तो पत्ता कुणाचा होता?”

मास्तरांचा फोन वाजला. ते पलीकडचं ऐकत राहिले. “दोघं सापडले, गजांसकट. दार फोडलंय. जिन्यात साध्या वेशातले चार पोलीस बसवले होते. आता फाटकावरचे आत येतायत, दादा. तुमचं बोलणं कानवाल्याच्या यंत्रानं टिपलंय.”

दादाला नेल्यावर दिग्दर्शक चाचरत म्हणाला, “मग... मरणाचा शॉट?”

“नायिकेला मारा,” मैत्रीण म्हणाली आणि कानवाल्याचा हात धरून चालू लागली.

ढापण्या भिंतीला टेकला होता. मघाची दोन माणसं, वर्तमानपत्रातलं ते लांबलचक, आईला ताईकडे धाडणं.

“दार कुणाचं फोडलं, मास्तर?”

“तुझं. दहापर्यंत घोरत असतो, असंही लिहिलं होतं. दादाला तू नुसता ढापण्या म्हणून माहीत, आडनाव कुठे ठाऊक होतं त्याला?”

“मला विचारलं का नाहीत?”

“तू हो म्हणाला असतास. मग पाकीट देताना हात कापले असते.”

“खोटं आडनाव घालायचं होतं.”

“त्यांनी चौकशी केली असती. तुझं खरं होतं. आणि त्यांना हवं तसलंच होतं.”

ढापण्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पुढच्या खेपेला तुमचं आडनाव घाला.”

“माझ्या आडनावाला कोण मारायला येतंय?” मास्तर हसून म्हणाले.

हसू अर्ध्यातच विझलं. मास्तरांनी नजर खाली घातलेली ढापण्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.