सतरावा परकार

अकोल्याच्या कापूसबाजाराबाहेर मी वांगी विकत बसले होते. सातासमुद्रापार लढाई जुंपली आणि इकडे कापसाला असा भाव चढला, की बैलबंड्यांच्या गर्दीत माझी टोपली कुणाला दिसेना. एका बंडीचं चाक तर वांग्यांवरूनच गेलं!

"डोळे हायत का कवड्या?" मी कडाडले.

बंडीवाला खाली उतरला. चेहरा पडलेला, केसांत कापूस. "रागावू नको... आताच कवड्यांत हरून आलो."

हा बाळापूरचा पुंजाराम, आमच्यासारखाच मळेवाल्यांचा. मग दर बाजाराला तो वांगी घ्यायला येऊ लागला. त्याला वांगी मुळीच आवडत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

"कोणतं दान मांगता खेळात?" एकदा मी विचारलं.

"चार उताण्या! एकबी नाई, एक, दोन, तीन नाईतं चार... पाचच तं दानं. पाचांत एकदा चार याले पायजे ना?"

मला हसू आवरेना. मी माझ्या चार कवड्या काढल्या. एकीला हळद लावलेली, एकीला कुंकू, एकीला काजळ, एक कोरी. "चारी उताण्या पडाची रीत एकच. आता दोन उताण्या मांडा."

हळद-कुंकू. हळद-काजळ. हळद-कोरी... मांडता मांडता त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्याने काढून घेतली नाहीत. मी तरी कुठे सरकवली!

"सहा जोड्या!" तो पुटपुटला.

"सगळे मिळून सोळा परकार. त्यात दोन सहादा, आनं तुमचं चार एकदाच."

"अरे बाप्पा! पोरगी हायेस का पंतोजी?"

"वांगी घ्या चुपचाप."

पुढे मला एकाच आठवड्यात दोन मागण्या आल्या. एक पुंजारामची. दुसरी अमरावतीच्या जानरावांची, कापसावर गब्बर झालेले, बिजवर, वयाने माझ्या बाबांएवढे! बाबांना दोघांपैकी कुणालाच दुखवता येईना.

"देवापुढं कवड्या टाकू," ते म्हणाले. "दोघांनी एकेक दान मांगा. ज्याचं आधी पडंल, पोरगी त्याची. देवाले पाची दानं सारखीच!"

पोरीला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. असा राग आला म्हणून सांगू!

जानरावांनी मिशीवर हात फिरवला. "चार! राजाचं दान."

पुंजारामने माझ्याकडे पाहिलं... "दोन," तो हळूच म्हणाला.

बाबांनी माझ्याच कवड्या टाकल्या. एक उताणी. कुणाचंच नाही. पुन्हा टाकल्या. तीन उताण्या... आणि चौथी नुसती गरगरत राहिली. मी डोळे घट्ट मिटले.

"तीनच," बाबा म्हणाले.

तिसऱ्यांदा हळद आणि काजळ उताण्या पडल्या, बाकीच्या दोन पालथ्या. देव पावला गं बाई!

संध्याकाळी पुंजाराम विहिरीपाशी आला. अजून घाबरलेलाच होता.

"जमुना... चौथीबी उताणी पडली असती तं?"

"तं सतरावा परकार होता."

"सतरावा? तू तं सोळाच मोजले होते!"

"ते कवड्यांचे." मी घागर कमरेवर घेतली. "सतरावा माझा. उठून तुमच्या बंडीत जाऊन बसली असती."