मास्तरांचा सहा नंबर

मी ही गोष्ट कुठून उचललेली नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि शेवटचा भाग तर मी स्वतः अनुभवलाय.

भुतं अमावास्येच्या रात्री येतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. हे घडलं रविवारी, लख्ख उन्हात, दुपारी पावणेबाराला.

दादाचं, म्हणजे या आतेभावाचं, चष्म्याचं दुकान आहे. त्याचा सहा जणांचा सायकलचा ग्रुप होता. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी निघायचं. शेतांमधल्या रस्त्यानं रमतगमत जायचं, पाण्याच्या टाकीच्या उतारापलीकडच्या मावशींच्या खाणावळीत जेवायचं आणि सुस्तावून परत यायचं. शर्यत नाही, घाई नाही.

नियम एकच. प्रत्येक वळणावर नंबर टाकायचा.

सगळ्यात पुढे दाताचे डॉक्टर. ते ओरडणार, "एक!" मग दोघे प्लंबर भाऊ, "दोन! तीन!" मग शिंपी, "चार!" मग दादा, "पाच!" आणि सगळ्यात शेवटी निवृत्त मास्तर. त्यांचा घोगरा "सहा!" आला की पुढे निघायचं. नाही आला तर सगळे थांबणार. मास्तर मुद्दाम शेवटी राहायचे. पंप आणि पंक्चरचं सामान त्यांच्याकडे. "कुणी मागं राहिलं नाही पाहिजे," म्हणायचे.

टाकीजवळचं शेवटचं वळण मावशींच्या खाणावळीच्या अगदी डोक्यावर. त्या नंबर ऐकूनच ताटं वाढायला घ्यायच्या.

आता खरी गोष्ट सांगतो. दादानं ती बराच काळ कुणालाच सांगितली नव्हती.

आदल्या वर्षी ओढ्याच्या मोरीवर, त्या छोट्या पुलावर, मास्तरांची चेन उतरली. दादा थांबला, तर म्हणाले, "तू हो रे पुढं. मी आलोच." दादा निघाला. टाकीचं वळण तिथून हाकेच्या अंतरावर. पोटात कावळे ओरडत होते, खालून फोडणीचा वास येत होता. नंबर सुरू झाले. दादानं "पाच" टाकला. मागून काहीच नाही...

आता सगळे थांबणार. डॉक्टर परत फिरवणार.

दादानं घसा घोगरा केला आणि स्वतःच ओरडला, "सहा!"

भूक लागली होती. बस्, एवढंच कारण.

मावशींनी सहा ताटं वाढली. एक तसंच राहिलं. वीस मिनिटं झाली तेव्हा सगळे शोधायला उठले. पण वळणावर तर मास्तरांनी नंबर टाकला होता! म्हणजे ते उतारावरच कुठंतरी पडले असणार. पाऊण तास सगळ्यांनी उताराचे दोन्ही चर आणि झुडपं पालथी घातली. दादाही घालत होता. आत्ता सांगू, मग सांगू, असं करत त्याची जीभ उचललीच नाही. शेवटी "मी जरा मागं बघून येतो" म्हणाला.

मास्तर मोरीवर पडले होते. छातीवर हात. हॉस्पिटलात सांगितलं, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं."

मास्तरांच्या पत्नी, म्हणजे काकू, चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला दुकानात यायच्या. दर वेळी एकच विचारायच्या. "वळणापर्यंत बरे होते ना हो ते? आवाज दमलेला नव्हता ना?"

"नाही काकू. ठणठणीत होता."

वर्षभर तो हेच सांगत राहिला.

वर्षानंतर ग्रुप पुन्हा निघाला. पाचच जण. आता शेवटी दादा. काकूंनी स्वतः मास्तरांचा पंप आणून त्याच्या हातात दिला होता.

पहिलं वळण वीटभट्टीचं. एक, दोन, तीन, चार, "पाच!" पुढे शांतता. सगळ्यांनाच जरा चुकल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "चला." निघाले.

दुसरं वळण बागेच्या कुंपणाचं. "पाच!" दादा ओरडला आणि पायडल मारलं.

टक...

मागून आवाज आला. मास्तरांच्या डाव्या पायडलचा असा आवाज यायचा. दर फेऱ्याला एकदा. दादानं किती वेळा तेल घालून दिलं होतं.

टक... टक...

त्यानं मान वळवली. रस्ता मोकळा होता. धूळसुद्धा उडत नव्हती.

त्यानं वेग वाढवला. आवाजाचाही वाढला.

मोरी आली. दादानं तिच्याकडे बघायचं टाळलं. आणि मोरी ओलांडताच टकटक थांबली. एकदम. त्याला हायसं वाटलं. मनाचे खेळ, दुसरं काय!

टाकीचं वळण आलं.

"एक!"

"दोन! तीन!"

"चार!"

"पाच!" दादा म्हणाला आणि त्यानं ओठ गच्च मिटले.

मागून...

"सहा!"

तो मास्तरांचा आवाज नव्हता. तो दादाचा स्वतःचा आवाज होता. घसा मुद्दाम घोगरा करून काढलेला.

त्यानं मागं पाहिलं नाही. ब्रेक सोडले आणि उतारावरून सायकल अशी घातली, की शिंप्याला, प्लंबरांना, डॉक्टरांनाही मागे टाकून तो पहिला खाणावळीत पोचला. शेवटचा माणूस कधी कुणाच्या पुढे जात नाही. त्या दिवशी गेला.

शिंपी आला तो तणतणतच. "लाज वाटते का रे? मास्तरांचा नंबर टाकून चेष्टा करतोस?"

"मी नाही टाकला."

"मी काय बहिरा आहे? तुझाच आवाज होता!"

वर्षापूर्वी दादानं केलं ते कुणालाच कळलं नाही. आज केलं नाही, त्याची बोलणी खावी लागत होती.

आत मावशींनी ताटं वाढली होती. सहा.

"मी ऐकून वाढते बाबा," त्या म्हणाल्या. "आज निदान एकदाच ऐकू आलं. त्या दिवशी दोनदा आलं होतं."

"दोनदा?" दादानं विचारलं.

"हो की. आधी तुमच्या बरोबर, मोठ्यानं. मग तुम्ही उताराला लागलात, तेव्हा मागून पुन्हा. बारीक आवाजात. सहा... सहा... चार-पाच वेळा तरी. मला वाटलं, टाकीपाशी आवाज घुमतोय."



मास्तर मोरीवरून नंबर टाकत होते. पुढच्यांचे नंबर त्यांना ऐकू गेले होते, आणि जिवात जीव होता तोवर ते आपला नंबर टाकत राहिले. पण तो नंबर आधीच कुणीतरी भरून टाकला होता.

दादानं तिथंच सगळं सांगितलं. शिंप्यानं आपलं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. जेवलं कुणीच नाही. ग्रुप त्या दिवशी मोडला.

संध्याकाळी तो काकूंकडे गेला. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या दुपारचंही. काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. तो वाट बघत होता, आता हाकलतील, शिव्या देतील. त्या रडल्याही नाहीत.

त्यांनी एवढंच विचारलं, "आज मागून आवाज आला, तेव्हा तरी थांबलात का?"



तेव्हापासून तो दर रविवारी एकटा जातो. टाकीच्या वळणावर उभा राहतो, "पाच!" म्हणतो आणि तासभर थांबतो. आत्या म्हणते, याला कुणाला तरी दाखवा. गेल्या महिन्यात तिनं मलाच सोबत पाठवलं.

आम्ही तास-दीड तास थांबलो. काही आलं नाही. दादाचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी परत निघालो. तो पुढे, मी मागे. मोरी ओलांडली.

टक...

मी दादाकडे पाहिलं. त्यानं ऐकलं नव्हतं. त्याची पाठ तशीच वाकलेली होती.

टक... टक... आणि मग कुणीतरी दम लागल्यासारखा श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

दादा ज्याची वाट बघत होता, ते माझ्या पाठीशी होतं. एक हाक मारायचा अवकाश होता.

मी हाक मारली नाही. मान खाली घातली आणि जोरात पायडल मारू लागलो. दादाला अजून सांगितलेलं नाही.

मीसुद्धा थांबलो नाही.