ताईतांचं वजन

आमच्या ठकीचं वजन दर महिन्याला वाढत होतं आणि ठकी दर महिन्याला वाळत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

ठकी माझी धाकटी बहीण, दोन वर्षांची. गेल्या वर्षी भोकरवाडीच्या अंगणवाडीतल्या यमुनाताईंना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी धात्री नावाचं यंत्र आलं. त्याला एकच मोठा, न मिटणारा डोळा. धात्री ग्रॅमपर्यंत वजन सांगायची आणि वाढीच्या आलेखावर (वयाप्रमाणे वजन कसं बदलतं ते दाखवणारी रेघ) ठिपका द्यायची. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की मूल ठीक. पिवळ्यात उतरला तरच जादा आहार. ठकीचा ठिपका हिरवा, म्हणून तिला अंडं नाही की शेंगदाण्याचा लाडू नाही.

मी यमुनाताईंकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "वजनाला नेताना आई तिला काय काय घालते गं?"

मी सांगितलं. त्या डोळ्याची नजर लागू नये म्हणून आधी आजीचे भरीव वाळे. ठकी अंगानं उतरली, तेव्हा लोखंडी कडं. आणखी उतरली, तेव्हा तांब्याचा ताईत.

"म्हंजे पोर जेवढी वाळली, तेवढे ताईत वाढले," यमुनाताई म्हणाल्या. "मी कुणाला काढायला लावत नव्हते. आया रुसल्या तर वजनालाच येत नाहीत. घरोघरचे वाळे एकदा तोलून ठेवले होते, ते मनात वजा करायचे. यंत्र आलं तेव्हा तालुक्याच्या साहेबांना हे सांगायला गेले, तर म्हणाले, यंत्र ग्रॅमभरही चुकत नाही."

आम्ही आईला आणि ठकीला घेऊन अंगणवाडीत गेलो. मी नुसते दागिने पारड्यात ठेवले.

"चारशे दहा ग्रॅम," धात्री म्हणाली.

मग नुसती ठकी. आठ हजार सातशे नव्वद. ठिपका पिवळ्यात पडला.

"मी चुकले नव्हते," धात्री म्हणाली. "पारड्यात जे होतं, तेच तोललं."

"तेच तर," यमुनाताई म्हणाल्या. "बारीक मोजणं वेगळं, बरोबर मोजणं वेगळं. दर खेपेला ताईत तोलला, तर चूक दर खेपेला एकाच बाजूला पडते. तिला पद्धतशीर चूक म्हणतात. शंभरदा मोजलंस तरी ती जात नाही. कुणीतरी पारड्यात डोकवावं लागतं." मग त्यांनी ठकीच्या कानामागे काजळाची तीट लावली. आईला म्हणाल्या, "नजरेला एवढी पुरते. हिला वजन नसतं."

ठकीला अंडं सुरू झालं, तीन महिने उशिरा. आधी ती अंगणभर पळायची. आता उंबऱ्यावर बसून असते. धात्री हल्ली प्रत्येक आईला दागिने काढायला सांगते. साहेबांनी त्याला यंत्राची सुधारणा म्हटलं आणि फोटो काढून घेतला. यमुनाताईंना कुणी परत बोलावलं नाही. मला त्या फोटोचा फार राग येतो.

काल पुन्हा वजन झालं. आठ हजार आठशे पन्नास. साठ ग्रॅम वाढले, आणि ते नुसत्या ठकीचे आहेत.