दोन धाग्यांचा फरक

भिंतीवर खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीला एक पिशवी, शेवटची खुंटी तेवढी रिकामी.

मशीनच्या तेलाचा वास बोटांवरून साबणानेही जात नाही.

मावशी गप्प बसली की समजावं, आज तिला बरंच बोलायचंय.

शिवणीतला दोन धाग्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

जिना अरुंद होता.

इतका अरुंद, की शिलाई मशीन पोटाशी धरून वर चढणारी ती आणि तसंच एक मशीन पोटाशी धरून खाली उतरणारा तो मधल्या पायरीवर समोरासमोर आले आणि अडकले.

“मागे व्हा ना,” ती म्हणाली.

“मागे म्हणजे वर. मी तिथूनच येतोय.”

“मग काय, इथेच संसार मांडायचा?”

शब्द सुटून गेला होता. त्याने हसू दाबलं. “मशीनं दोन आहेत. सुरुवात वाईट नाही.”

शेवटी तोच उलट्या पावलांनी वर गेला. वरचं दुरुस्तीचं दुकान त्याचंच होतं, त्यामुळे तिलाही जायचं तिथेच होतं.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांना लहान लहान अक्षरं वाचायला लावायची. संध्याकाळी गोधड्या शिवायची… म्हणजे सुरू करायची. नवं कापड दिसलं की हात शिवशिवायचे. नक्षी ठरायची, तुकडे कापून व्हायचे, चार ओळी भराभर जोडल्या जायच्या. मग एक दिवस सगळं पिशवीत जायचं आणि पिशवी खुंटीला. ती मावशीकडे राहायची; खुंट्या मावशीनेच ठोकल्या होत्या. “निदान काय काय सोडून दिलंयस ते तरी दिसेल,” असं म्हणून. नियमही तिचाच: जुनी एक तरी गोधडी पुरी झाल्याशिवाय नवीन कापडाला कात्री लावायची नाही.

मशीन परत देताना तो खुशीत होता. “सुई जरा डावीकडे झुकली होती. सरळ केली. आता बघा कशी चालते.”

चालली छान. पण त्या संध्याकाळी तिने हिरव्या पिशवीतल्या गोधडीची पुढची ओळ जोडली, तर ती आधीच्या ओळींपेक्षा दोन बोटं लांब. उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा दोन बोटं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं वाकड्या सुईने प्रत्येक शिवणीत कापडाचे दोन धागे जास्त खाल्ले होते, आणि त्या सगळ्या पिशव्या त्याच मापावर उभ्या होत्या. सुई सरळ झाली आणि जुनं सगळं चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती तरातरा जिना चढली.

“वाकडी करा.”

“काय?”

“सुई. होती तशी वाकडी करा.”

“हे आजवर कुणी मागितलं नव्हतं हो.”

“आजवर तुम्ही कुणाच्या एवढ्या गोधड्यांची एकदम वाट लावली नसेल.”

त्याने कपाळाला हात लावला. “सरळ केलेली सुई वाकडी करायला माझा हात नाही धजायचा. पण… घरी येऊन बघतो काय करता येतं ते.”

तो आला. मावशी गप्प बसून बघत राहिली. त्याने जुनी शिवण मोजली आणि सुईपासून तेवढ्याच अंतरावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. “जुन्या कामाला कापडाची कड या पट्टीला धरायची. नवं काढलंत की पट्टी काढून टाकायची. झालं.”

झालं नाही. पट्टी तेलाने सुटायला लागली. निदान तिचं म्हणणं तसं होतं. तो यायचा, नवी पट्टी लावायचा, आणि चहा संपला तरी त्याचा पाय निघायचा नाही. वाकून पट्टी दाबताना त्याच्या मानेवर दिव्याचा उजेड पडायचा आणि ती दोरा ओवत असल्यासारखी सुईकडे बघत राहायची. सुईत दोरा आधीच असायचा. प्रेमात पडायला एवढं पुरतं का, कोण जाणे. तिला पुरलं.

“अगं, इतकी सुटते तर डिंक आण,” मावशी एकदा म्हणाली. “का यांनाच चिकटवून ठेवायचंय इथे?”

तो ठसकला. मावशी शांतपणे स्वयंपाकघरात निघून गेली.

“या… या सगळ्या अर्धवट का?” त्याने विषय बदलायला खुंट्यांकडे बोट दाखवलं.

“मध्यापर्यंत मजा असते. मग पुढे तेच ते.”

“ती करड्या रंगाची?”

“ती लग्नासाठी होती. लग्नही मध्यापर्यंतच आलं. मीच थांबवलं. तो बरा होता तसा… त्याला आता मुलगी झाली.”

त्याने करड्या पिशवीकडे एकदा पाहिलं. मग चिकटपट्टीचं रीळ खिशात घालत म्हणाला, “माझ्या दादाने दुसऱ्या गावी मोठं दुकान घेतलंय. ये म्हणतोय. या महिन्यात कळवायचंय.”

“जाणार?”

“विचारतोय.”

“कुणाला?”

“आत्ता? तुम्हाला.”

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“हो म्हणा, नाही म्हणा,” तो म्हणाला. “फक्त मला पिशवीत घालून त्या शेवटच्या खुंटीला लावू नका. बाकी काही म्हणणं नाही.”

तिला हो म्हणायचं होतं. पण हो तिने त्या करड्या गोधडीच्या वेळीही म्हटलं होतं, अगदी मनापासून. तिच्या ‘हो’चं पुढे काय होतं, हे भिंतीवर लटकत होतं.

तो गेल्यावर तिने हिरवी पिशवी उतरवली.

मधल्या ओळी होत्या तशाच होत्या. चौकोन, त्रिकोण, चौकोन. कड पट्टीला, पाय पेडलवर. इस्त्रीची वाफ, पुन्हा चौकोन. कुठल्याही तुकड्यात आता काही नवं नव्हतं. ती कंटाळली, उठली, खिडकीशी जाऊन आली, पुन्हा बसली. मावशी एक शब्द न बोलता बाजूला चहा ठेवून जायची. मग अस्तर लागलं. मग काठ. मग टाके, हाताने, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

महिना सरता सरता ती गोधडी खांद्यावर टाकून जिना चढली. तो एका मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता.

“संपली?”

“संपली.”

“मध्ये कंटाळा?”

“भयंकर. कंटाळले आणि शिवत राहिले. बहुतेक एवढंच असतं ते.”

त्याने काठावरून बोट फिरवलं, सावकाश, टाका टाका मोजल्यासारखं. वर बघितलं नाही.

“आता नवी सुरू करतेय,” ती म्हणाली. “मोठी. दोघांच्या मापाची. वेळ लागेल… आणि मी मध्येच वैतागेन, आधीच सांगते.”

“मग मी काय करू?”

“तू मला मशीनवर आणून बसव.”

‘तू’ दोघांनीही ऐकला. त्याने फडक्याला हात पुसले… पुसतच राहिला.

“दादाला काय सांगू?”

“दादाला ‘नाही’ सांग.” ती थांबली. “तुला ‘हो’.”

ती नवी गोधडी पुरी झाली तेव्हा पाळण्यात तिसरं माणूस आलं होतं, आणि गोधडी दोघांच्याच मापाची होती.