तीन नंबरच्या खोलीतला काटा

आमचं घर जबलपुरात, राइट टाउनला. माझं काम मात्र गावाबाहेर, पाटण रस्त्यावर. तिथल्या एका जुन्या शीतगृहात आमच्या कंपनीनं डेटा सेंटर उभं केलंय. पूर्वी तिथे मटार साठवत. मोठ्या दालनाला नवा रंग दिला, नवी फरशी घातली; पण माल उतरवायच्या ओट्यावरून दालनात जायची वाट एकच, तीन नंबरच्या खोलीतून. ती खोली होती तशीच राहिली. खिडकी नाही. दार वीतभर जाडीचं, आणि त्याला आतून कडीच नाही. थंडीची यंत्रं काढून अकरा वर्षं झाली होती, तरी भिंतींना कच्च्या मटाराचा ओलसर वास यायचा.

जानेवारी होता. दुपारचे तीन वाजले तरी धुकं हटलं नव्हतं. सर्व्हरचं एक कपाट आत न्यायचं होतं. अशी सात आधी नेली होती, त्यामुळे मनात काही नव्हतं.

हे सर्व्हर पंख्यानं नाही, पाण्यानं थंड होतात. आत तांब्याच्या पातळ पट्ट्या आणि बोटाएवढ्या नळ्या असतात. हलवताना एक जोड जरी सैल झाला, तरी पुढे पाणी गळून सगळं जळतं. म्हणून हलवण्याआधी सगळं पाणी काढायचं, नळ्यांत नायट्रोजन भरायचा, तोंडं बंद करायची आणि बाहेर दाबाचा काटा लावायचा. काटा स्थिर, तर जोड शाबूत. काटा खाली गेला, तर कुठेतरी गळती. त्या काट्यावर नजर ठेवणं हे माझं काम.

कपाट ओढायला पुंडलिकभाऊ होते. हमालांचे मुकादम, मूळचे वर्ध्याकडचे, साठीला टेकलेले. बाराशे किलोचं कपाट ते झोपलेल्या लेकरासारखं न्यायचे. त्यांची एक सवय होती. कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी उंबऱ्यावर थांबून ते हाक द्यायचे, "कोणी आहे का?" आणि थोडं थांबूनच आत पाऊल टाकायचे. पोरं हसायची. त्या दिवशीही त्यांनी हाक दिली. खोली गप्प होती.

ते पुढे, दोन हमाल मागून लोटणारे, आणि मी काट्याशी. उंबऱ्यापासून आत चढत जाणारा उतार होता. कपाट त्या चढावर आत आलं आणि मी ओरडले, "थांबा!"

चाकांना ब्रेक लागला. मागे लाकडाचा ठोकळा सरकवला.

"काहून थांबवलं, दीदी?"

काटा खाली गेला होता. मला वाटलं, गळती. पण बघता बघता तो वर आला. मग परत खाली... परत वर. सावकाश, एका लयीत. गळणारा वायू आपणहून परत येत नाही. मी काचेवर टिचकी मारली. काटा तसाच हलत राहिला.

"मीटर बिगड़ गया होगा," एक हमाल म्हणाला. दुसरं मीटर आणायला मी दोघांनाही बाहेर गाडीकडे पाठवलं. खोलीत आम्ही दोघंच उरलो. डोक्यावर एक पिवळा बल्ब, समोर दालनाचं बंद दार.

पुंडलिकभाऊ कपाटाला वळसा घालून माझ्याजवळ आले. बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नळीला कान लावला, आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर राखेसारखा झाला.

"दीदी... हा श्वास आहे."

"भाऊ, असं काय बोलून राहिले?"

"मी ओळखतो हा श्वास. सत्यभामाले दमा होता."

सत्यभामा त्यांची बायको. ती वारली हे मला माहीत होतं, कशी ते नव्हतं. ते त्यांनी तिथेच, नळीवरचा हात न काढता सांगितलं. ते दोघं याच शीतगृहात कामाला होते. ती मटाराची पोती मोजायची, संध्याकाळी दारं लावायचं काम यांचं. एके दिवशी दोघांना नागपूरची गाडी पकडायची होती; गाडीत बसल्यावर एक गोष्ट सांगते, असं ती सकाळी म्हणाली होती. यांनी घाईघाईत दार लोटलं आणि बाहेरून खिट्टी घातली. आत हाक मारली नाही. ती पुढे स्टेशनवर गेली असेल असं यांना वाटलं. गाडीत दिसली नाही तेव्हा बायकांच्या डब्यात असेल असं वाटलं. सकाळी दुसऱ्याच कोणी दार उघडलं.

"हीच खोली, दीदी. इतकी वर्षं मी हिच्यातून सामान नेऊन राहिलो. रोज हाक मारतो. आज तिनं..."

त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही. कपाटासोबत ट्रॉलीवर नायट्रोजनचं सिलिंडर होतं. त्याची नळी सापासारखी उसळली आणि वायू फुसफुसत बाहेर पडू लागला. आम्ही दोघांनीही तिला हात लावला नव्हता. मी सिलिंडरची चावी फिरवायला गेले, पण ती बर्फाच्या लादीसारखी गार होती, जागची हललीच नाही. माझ्या कमरेला हवा मोजायचं यंत्र असतं. ते किंचाळायला लागलं. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत तो हवा ढकलून देतो आणि माणसाला कळायच्या आत पाय गळतात. तरी त्या क्षणी नाकात वास शिरला तो ओल्या मटाराचाच.

"भाऊ, बाहेर! चला!"

मी उडी मारून ओट्यावर आले. वाटलं, ते माझ्या मागेच आहेत. वळून पाहिलं तर ते उलट चालले होते, आतल्या कोपऱ्याकडे, एक हात पुढे धरून. कोणीतरी हात धरून नेतंय असे.

"भाऊ!"

"बोलावून राहिली... थांब गं, आलो..."

आणि दार हललं. बिजागऱ्या गंजल्यापासून त्या दाराला दोन माणसं लागायची. ते आपलं आपण, आवाज न करता मिटायला लागलं. मी खांदा लावला. माझे बूट फरशीवर घसरत गेले. पलीकडे वारा नव्हता, कोणी दिसत नव्हतं. पण जोर होता. माणसाचा असतो तसा, मधेच ढिला पडणारा आणि परत लागणारा जोर.

फट दोन हात उरली होती. कपाट त्या फटीच्या लगेच आत, उतारावर उभं. त्याला धक्का लागू नये म्हणून मी पाच वर्षं जिवाचं रान केलं होतं. दुसरा विचार करायला वेळच नव्हता. मी पाय आत घालून ठोकळा लाथेनं उडवला, हातानं ब्रेक सोडला आणि बाजूला झाले. बाराशे किलो उतारावरून मागे आलं, दाराच्या फटीत घुसलं आणि दार त्याच्यावर आदळलं. पत्रा चुरगळला. आत तांबं पिळवटल्याचा आवाज आला. बाई कण्हावी तसा... आणि मग अगदी शांत.

दार तिथेच थांबलं. कपाटाच्या बाजूला उरलेल्या फटीतून मी श्वास रोखून आत सरपटले. पुंडलिकभाऊ कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले होते, डोळे उघडे, ओठ निळे. मी त्यांची काख धरून ओढलं. ते जड नव्हते. पण ओढताना पलीकडूनही कोणी ओढत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी ओरडले, "सोड त्यांना! त्यांना माहीत नव्हतं!" कोणाला म्हणाले, कोण जाणे. एकदम पलीकडची ओढ सुटली आणि आम्ही दोघं फटीशी येऊन पडलो. तेवढ्यात दोघे हमाल धावत आले.

चौकशी झाली. कपाट भंगारात गेलं. हाताळणीतला निष्काळजीपणा, असा शेरा माझ्या नावावर लागला. मी सही केली.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेले. पुंडलिकभाऊ शुद्धीवर होते, पण बोलत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे बर्फाच्या कारखान्यात काम करतात का?" मी नाही म्हटलं. अकरा वर्षं तिथलं यंत्र बंद आहे, हेही सांगितलं. त्यांनी भाऊंच्या उजव्या हातावरची पट्टी उलगडली.

मनगटाभोवती कातडी काळी पडली होती. बर्फानं जळते तशी. पाच बोटांचे वळ स्पष्ट उमटले होते, बाईच्या हाताचे. मी मान फिरवणार, तेवढ्यात पुंडलिकभाऊंनी डाव्या हातानं मला थांबवलं आणि त्या उजव्याच हाताची करंगळी वर धरली.

तिच्याभोवतीही वळ होते. चिमुकले. लहान लेकरू चालताना मोठ्याची करंगळी मुठीत धरतं, तसे.

"दीदी," ते म्हणाले. दोन दिवसांतले त्यांचे पहिले शब्द. "आमाले मूल नव्हतं..."