जेबेझची राखण

बस जरा. दिवा असाच मंद राहू दे, डोळ्यांवर नको.

त्या शनिवारी दुपारी मी आमच्या फुटबॉल संघाच्या कप्तानाकडे गेलो होतो ते एवढंच सांगायला, की मी आज खेळत नाही. आदल्या वर्षी माझा डावा पाय मोडला होता. पुन्हा फटका बसला तर कापावाच लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय गेला की खाणीतलं काम गेलं, आणि इकडे ग्रेसशी लग्न ठरलेलं.

शिवाय जेबेझ पास्को आता नव्हता. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याच्या बाजूने एखादा दांडगा गडी धावतो आणि अंगावर येणाऱ्याला खांद्याने अडवतो. याला आम्ही राखण म्हणतो. माझी राखण जेबेझ करायचा, पाय मोडल्यापासून कायम डावीकडून. मे महिन्यात बेंडिगोच्या आमच्या सोन्याच्या खाणीत दरड कोसळली, त्यात तो गेला.

"अंब्रोज, माणसं पुरत नाहीत रे," कप्तान ट्रेम्बाथ काकुळतीला आला. "नुसता उभा राहा."

नुसता उभा राहतोय मी! मैदानावर धुकं इतकं दाट, की गोलचे खांबही नीट दिसेनात. त्यातून चेंडू थेट माझ्या छातीवर आला, मी तो कवटाळला आणि पाय आपसूक पळत सुटले.

"काय रे चिमण्या!" डावीकडून आवाज आला. पलीकडच्या संघाचा मल्काही. माझा पाय मोडणारा तोच. "आज तुझा आडोसा कुठाय?"

आणि मग कानाशी कुणाचा तरी श्वास... जड, घरघरणारा. चरबीच्या मेणबत्त्यांचा वास आला, खाणीतून वर आल्यावर आमच्या कपड्यांना येतो तसा. माझ्या पावलांच्या जोडीने आणखी दोन पावलं चिखलात पडत होती.

"...जेबेझ?"

धप्पकन आवाज झाला आणि मल्काही उताणा आपटला. मी तसाच पुढे जाऊन गोल मारला. मागे वळलो, तर मल्काही चिखलात बसून धुक्यात कुणाला तरी शोधत होता.

"कोण होता तो? अंग केवढं गार... माणूस होता का तो?"

भ्यालो, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त भरून आलं. धुक्याकडे तोंड करून मी म्हणालो, "फार उपकार झाले रे बाबा."

पुढे कितीतरी हंगाम खेळलो. अंब्रोज ट्रेगियर नशीबवान, डावीकडून त्याला कुणी शिवत नाही, असं लोक म्हणायचे. पाय राहिला, काम राहिलं, ग्रेस घरात आली. प्रत्येक सामन्यानंतर मी त्याचे आभार मानले. शेवटच्या सामन्यानंतर म्हणालो, "पुष्कळ केलंस. जा आता, विसावा घे."

गेला असेल, असंच मी धरून चाललो होतो.

काल दुपारी नात पहिल्यांदा चालली. मी खुर्चीत बसून हात पसरले, "ये गं ये!" ती लडखडत आली ती डावीकडून. हातभर अंतरावर थबकली. दोन्ही तळवे हवेत टेकवले, बंद दाराला टेकवावेत तसे, आणि मान मागे टाकून उंच कुठेतरी बघत राहिली.

"ही कुणाकडे बघतेय हो?" ग्रेसने विचारलं.

मी हळूच म्हणालो, "जेबेझ... आपलीच आहे रे. येऊ दे तिला."

तिचे हात एकदम मोकळे सुटले आणि पोर माझ्या मांडीवर येऊन पडली.